अभिभाषण ऐकले, आता हिशेब

२७ जून २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अठराव्या लोकसभेच्या पहिल्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण केले. त्या भाषणात आणीबाणीचा उल्लेख आला आणि सत्ताधारी व विरोधी बाकांवर एकदम गदारोळ झाला. ‘नीट’ परीक्षेच्या पेपरफुटीचा विषय आला तेव्हा विरोधकांनी घोषणा दिल्या. संध्याकाळी वाहिन्यांवर आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत याच दोन गोष्टी गाजल्या. त्याच भाषणात आणखी एक वाक्य होते. सत्तर वर्षांवरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना ‘आयुष्मान भारत’ योजनेतून मोफत उपचार मिळणार, असे त्यात सांगितले होते.

पुण्यातल्या कोथरूडमध्ये या वाक्याला फार मोठा अर्थ आहे. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या, संरक्षण खात्याच्या संस्था आणि कारखाने यांतून निवृत्त झालेली माणसे इथल्या सोसायट्यांमध्ये मोठ्या संख्येने राहतात. अनेकांची मुले परदेशात किंवा दुसऱ्या शहरात आहेत. वयाच्या सत्तरीनंतर आरोग्य विम्याचा हप्ता कसा वाढत जातो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने या विस्ताराला मंजुरी दिली आणि २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाची सुरुवात झाली. उत्पन्नाची अट नाही, वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड आणि कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, असे या योजनेचे स्वरूप आहे. खासगी विमा असलेल्यांनाही ती घेता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते.

म्हणजे जून महिन्यातले एक वाक्य चार महिन्यांत लोकांच्या हातातले कार्ड झाले. आणीबाणीवरचा वाद महत्त्वाचा नव्हता, असे मुळीच नाही. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी घेतलेली भूमिका आणि येरवड्याच्या तुरुंगातले स्थानबद्ध हा पुण्याच्या सार्वजनिक आयुष्याचाच भाग आहे. ‘नीट’च्या प्रकरणाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले होते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या पालकांचा संतापही समजण्यासारखा होता. पण अभिभाषणावरची आपली प्रतिक्रिया पहिल्या संध्याकाळीच संपते, ही खरी अडचण आहे. मला एवढेच सांगायचे आहे की, अभिभाषणाचे मोल ते ऐकल्याच्या दिवशी कळत नाही. वर्षभराने, पाच वर्षांनी ते पुन्हा काढून वाचावे लागते. असे वाचणारा नागरिक नसेल, तर अभिभाषणानंतरचा आभाराचा ठराव हा नुसता उपचार राहतो.

भाषण राष्ट्रपतींचे, मजकूर सरकारचा

राज्यघटनेच्या कलम ८७ नुसार, लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना एकत्रित संबोधित करतात आणि संसद कशासाठी बोलावली आहे ते सांगतात. मूळ घटनेत ही तरतूद प्रत्येक अधिवेशनासाठी होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती आजच्या स्वरूपात आली. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ३१ जानेवारी १९५० ला हंगामी संसदेसमोर आणि १६ मे १९५२ ला पहिल्या निर्वाचित संसदेसमोर भाषण केले. तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. राज्यात हेच काम कलम १७६ नुसार राज्यपाल करतात.

कट्ट्यावर नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी : “राष्ट्रपती नुसते वाचून दाखवतात, त्यात काय ऐकायचे?” तक्रारीतला पहिला भाग खरा आहे. निरनिराळी मंत्रालये आपापल्या कामाचा मजकूर पाठवतात, त्याचे एक भाषण तयार होते आणि मंत्रिमंडळ ते मंजूर करते. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, हे कलम ७४ चे तत्त्व इथे पुरेपूर लागू होते. म्हणूनच राष्ट्रपती कोणत्याही पक्षाच्या सरकारला ‘माझे सरकार’ म्हणतात. मात्र तक्रारीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हा मजकूर एका व्यक्तीचे मत नसून संपूर्ण मंत्रिमंडळाने मान्य केलेला शब्द आहे, यातच त्याचे वजन आहे. प्रचारसभेत दिलेले आश्वासन ‘बोलण्याच्या ओघात आले’ म्हणून झटकता येते. अभिभाषणातले वाक्य संसदेच्या दप्तरी नोंदले जाते.

वाचणाऱ्याने मजकुरात हात घातला की काय होते, याची उदाहरणेही आहेत. १९६९ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी सरकारने दिलेल्या भाषणातले काही परिच्छेद वाचायचे टाळले. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूचे राज्यपाल आर. एन. रवी यांनीही काही मजकूर वगळला आणि ते सभागृहातून निघून गेले. दोन्ही वेळा मोठा वाद झाला. भाषण सरकारचे आहे, हे तत्त्व त्या वादांनी अधोरेखित केले.

घोषणा, बहिष्कार आणि मराठीचा प्रश्न

लोकप्रतिनिधींच्या प्रतिक्रियेचे सगळ्यांना दिसणारे रूप म्हणजे घोषणा, सभात्याग आणि बहिष्कार. १९६३ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन इंग्रजीत बोलू लागले तेव्हा हिंदीचा आग्रह धरणाऱ्या काही खासदारांनी व्यत्यय आणून सभात्याग केला. त्यांच्या वर्तनाच्या चौकशीसाठी लोकसभेला समिती नेमावी लागली. २९ जानेवारी २०२१ ला कृषी कायद्यांच्या निषेधार्थ अनेक विरोधी पक्षांनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अभिभाषणावर बहिष्कार टाकला. पुढे नोव्हेंबरमध्ये ते कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. त्यामागे रस्त्यावर वर्षभर चाललेले आंदोलन होते, एका सकाळचा बहिष्कार नव्हे.

महाराष्ट्राच्या विधानभवनातले दोन प्रसंग मुद्दाम सांगण्याजोगे आहेत. ३ मार्च २०२२ ला अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी अभिभाषणाला उभे राहिले आणि तेव्हाच्या सत्ताधारी महाविकास आघाडीच्या सदस्यांनी जोरदार घोषणा सुरू केल्या. छत्रपती शिवाजी महाराज आणि समर्थ रामदास यांच्याविषयी राज्यपालांनी आधी केलेल्या विधानाचा तो निषेध होता. राज्यपालांनी भाषण आटोपते घेतले आणि ते निघून गेले. निषेधाची भावना तीव्र होती. पण भाषणाचा मजकूर निषेध करणाऱ्यांच्याच सरकारचा होता, त्यामुळे राज्यासाठी वर्षभरात काय करणार हे सांगण्याची त्यांची स्वतःची संधी त्या दिवशी हुकली.

दुसरा प्रसंग २६ फेब्रुवारी २०१८ चा, मराठी भाषा गौरव दिनाच्या आदल्या दिवसाचा. राज्यपाल विद्यासागर राव यांचे इंग्रजी अभिभाषण सुरू झाले, पण सदस्यांच्या कानावर मराठी अनुवाद येईना. गुजराती अनुवाद ऐकू आल्याचा आरोप विरोधकांनी केला. शेवटी तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे स्वतः नियंत्रण कक्षात गेले आणि त्यांनी मराठी मजकूर वाचला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहाची माफी मागितली. ही प्रतिक्रिया मला फार मोलाची वाटते, कारण ती नेमकी होती. काय चुकले, कुठे चुकले आणि काय हवे, हे त्यात स्पष्ट होते. म्हणून दुरुस्तीही त्याच दिवशी झाली. आपले सरकार आपल्याला काय सांगते आहे ते आपल्या भाषेत कळले पाहिजे, ही लोकशाहीतली अगदी पहिली मागणी आहे.

आभाराच्या ठरावातली फट

अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहांत आभारदर्शक ठराव मांडला जातो. त्याच्या भाषेत राष्ट्रपतींविषयी कृतज्ञता असते. त्यावर काही दिवस चर्चा होते आणि शेवटी पंतप्रधान उत्तर देतात. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीचा अहवाल वाचला जातो आणि तो मंजूर करण्याआधी सभासद उठून प्रश्न विचारतात. आभारदर्शक ठरावावरची चर्चा म्हणजे देशाच्या अहवालावरची तशीच सभा.

या ठरावाला सदस्य दुरुस्त्या सुचवू शकतात. दुरुस्तीची ठरलेली धाटणी अशी असते : ठरावाच्या शेवटी ‘मात्र अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही, याचा खेद वाटतो’ असे शब्द जोडावेत. एका वाक्याची ही दुरुस्ती सरकारला सर्वांसमक्ष सांगते की, तुमच्या यादीत एक महत्त्वाची गोष्ट राहिली. लोकसभेत अशी दुरुस्ती मंजूर झाली, तर सरकारने बहुमत गमावल्यासारखेच मानले जाईल, म्हणून तिथे ती सहसा होत नाही. राज्यसभेत मात्र ती पाच वेळा झाली आहे : १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६ मध्ये. या पाच वेळांत सत्तेवर एकाच नव्हे, तर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती.

३ मार्च २०१५ ला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी यांची दुरुस्ती ११८ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाली. उच्च पातळीवरचा भ्रष्टाचार रोखण्यात आणि काळा पैसा परत आणण्यात आलेल्या अपयशाचा उल्लेख अभिभाषणात नाही, असा तिचा आशय होता. पुढच्याच वर्षी गुलाम नबी आझाद यांची दुरुस्ती ९४ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर झाली. राजस्थान आणि हरियाणात पंचायत निवडणूक लढवण्यासाठी घातलेल्या शिक्षणाच्या अटीमुळे नागरिकांचा हक्क हिरावला जातो, हा तिचा विषय होता.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेससमोर भाषण करतात तेव्हा ते स्वतःचे धोरण स्वतःच्या नावावर मांडतात. १९४७ मध्ये ट्रूमन यांचे भाषण पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि १९६६ पासून विरोधी पक्षही आपले उत्तर लोकांसमोर ठेवू लागला. पण तिथल्या भाषणावर ठराव आणि मतदान नसते. आपल्याकडे ते आहे. आपल्या संसदेला मिळालेले हे मोठे साधन आहे आणि नागरिकाला त्यात शिरण्याची जागा दुरुस्तीच्या त्या एका वाक्यातून मिळते.

एका भाषणाचा पुढचा प्रवास

जुने अभिभाषण काढून वाचले की काय हाती लागते, हे पाहण्यासाठी ४ जून २००९ चे भाषण घेऊ. तेव्हा राष्ट्रपतिपदावर प्रतिभाताई पाटील होत्या. जळगावच्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आलेल्या. पंधराव्या लोकसभेचे ते पहिले अधिवेशन होते. भाषणात पहिल्या शंभर दिवसांत हाती घ्यायच्या कामांची यादीच दिली होती.

त्यात महिला आरक्षण विधेयक लवकर मंजूर करण्याचा शब्द होता. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने ते मंजूर केले, पण लोकसभेत ते पुढे सरकलेच नाही आणि २०१४ मध्ये बारगळले. लोकसभा व विधानसभांतल्या महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये, दुसऱ्या सरकारच्या काळात झाली आणि तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली गेली. स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा देण्याचे आश्वासनही त्याच यादीत होते. केंद्राची घटनादुरुस्ती झाली नाही, पण महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि फेब्रुवारी २०१२ च्या पुणे महापालिका निवडणुकीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. दिल्लीत अडलेली गोष्ट मुंबईत मार्गी लागली आणि कोथरूडच्या मतदाराने ती आपल्या प्रभागात पाहिली.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ च्या ऑगस्टमध्येच मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अन्नसुरक्षेचा कायदा यायला २०१३ उजाडले. भाषणात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य तीन रुपये किलोने देण्याचा शब्द होता. प्रत्यक्ष कायद्यात माणशी पाच किलोचे सूत्र आले, तांदूळ तीन, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलोने. प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र देण्याची योजनाही त्या भाषणात होती आणि देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले.

आता कोथरूडच्या टेकडीउतारावर येऊ. पाच वर्षांत देश झोपडपट्टीमुक्त करण्यासाठी ‘राजीव आवास योजना’ राबवण्याचा शब्द त्याच भाषणात होता. केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगर, जय भवानीनगर या वस्त्या कोथरूडचाच भाग आहेत. इथल्या सोसायट्यांमधली धुणीभांडी, स्वयंपाक, वाहनचालक आणि सुरक्षारक्षकांची कामे करणारी अनेक माणसे याच वस्त्यांत राहतात. पाच वर्षांची मुदत २०१४ मध्ये संपली. २०१५ मध्ये ‘प्रधानमंत्री आवास योजना’ आली आणि तिने २०२२ पर्यंत सर्वांसाठी घरे देण्याचे लक्ष्य ठेवले. दोन वेगळ्या सरकारांनी दोन मुदती दिल्या, त्या दोन्ही उलटून गेल्या आणि चिंचोळ्या पायवाटांना लागून एकमेकींना चिकटलेल्या खोल्या आजही तशाच आहेत. या मुदती चुकल्याचे खरे दुःख तिथल्या रहिवाशांचे आहे. पण त्या मोजत राहण्याची जबाबदारी पक्क्या घरांत राहणाऱ्यांवरही आहे, कारण कागदपत्रे शोधायला लागणारा वेळ आणि साधने त्यांच्याकडे अधिक आहेत.

त्या भाषणात आणखी एक आश्वासन होते आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. शिक्षण, आरोग्य, रोजगार, पर्यावरण आणि पायाभूत सुविधा या पाच विषयांवर सरकार दरवर्षी ‘जनतेला अहवाल’ सादर करेल आणि त्यावर देशभर चर्चा होईल, असे ते आश्वासन होते. २०१० मध्ये आरोग्य आणि रोजगारावरचे अहवाल निघालेही. पण अशी वार्षिक प्रथा काही आपल्याकडे रुजली नाही. सरकारने हिशेब द्यायचा म्हटले तरी तो मागणारे सातत्याने उभे राहावे लागतात.

कोथरूडकरांच्या हातात काय आहे

कोथरूडला प्रतिक्रिया देता येत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी वेताळ टेकडी फोडू नये म्हणून २०२३ मध्ये या भागातली माणसे टेकडीवर जमली, नकाशे वाचले, हरकती दिल्या. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिक आपल्या प्रभागातली कामे सुचवतात. म्हणजे मजकूर वाचून नेमके बोलण्याची सवय इथे आहे. ती अभिभाषणापर्यंत न्यायची आहे.

अभिभाषणाचा मजकूर हिंदी आणि इंग्रजीत सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. वाचताना परिच्छेदांचे चार गट करावेत : झालेले काम, चालू काम, करणार असे सांगितलेले काम, आणि आपल्या दृष्टीने असायला हवा होता पण नसलेला विषय. पहिल्या गटातली वाक्ये घराजवळ तपासता येतात. ३१ जानेवारी २०२४ च्या अभिभाषणात, दहा वर्षांपूर्वी पाच शहरांत असलेली मेट्रो आता वीस शहरांत पोहोचल्याचे सांगितले होते. कोथरूडसाठी त्या वाक्याचा अर्थ ६ मार्च २०२२ ला सुरू झालेली वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मार्गिका आणि जुन्या कचरा डेपोच्या जागेवर उभा राहिलेला मेट्रोचा डेपो. कचऱ्याच्या दुर्गंधीच्या जागी रेल्वेचे डबे उभे राहिले, हे खरेच मोठे काम आहे. पण स्थानकापासून घरापर्यंत ज्येष्ठांना चालता येईल असा पदपथ आहे का, वेळेवर बस आहे का, हे त्या वाक्यात नाही. हा प्रश्न तिथे राहणाऱ्यानेच विचारायचा.

तिसऱ्या गटातल्या वाक्यांची तारखेसह नोंद ठेवावी. वय वंदना कार्डाचेच पाहा. कार्ड मिळाले, पण कोथरूडच्या आसपास ते कोणत्या रुग्णालयांत चालते, कोणत्या शस्त्रक्रिया त्यात बसतात आणि दाखल होताना कोणती कागदपत्रे लागतात, ही माहिती एका कागदावर गोळा करणे हे एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाला सहज जमणारे काम आहे. माहिती मिळाली नाही, तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा हाताशी आहे.

चौथा गट थेट खासदारांकडे न्यायचा. कोथरूड विधानसभा मतदारसंघ पुणे लोकसभा मतदारसंघात येतो. २०२४ मध्ये तिथून निवडून आलेले मुरलीधर मोहोळ कोथरूडचे नगरसेवक आणि शहराचे महापौर होते, आता ते केंद्रात राज्यमंत्री आहेत. राज्यसभेवर गेलेल्या मेधा कुलकर्णी कोथरूडच्या माजी आमदार आहेत. राज्यपालांच्या अभिभाषणाविषयी बोलायचे तर कोथरूडचे आमदार चंद्रकांत पाटील राज्यात मंत्री आहेत. एवढ्या लहान परिसराशी जोडलेले प्रतिनिधी संसदेच्या दोन्ही सभागृहांत आणि विधानसभेत असणे ही विरळा संधी आहे. मंत्री आपल्याच सरकारच्या अभिभाषणावरील ठरावाला दुरुस्ती सुचवणार नाहीत आणि पक्षाच्या शिस्तीत राहणाऱ्या सदस्यावरही मर्यादा असतात, हे मान्य. पण पुढच्या अभिभाषणाचा मजकूर मंत्रालयांतून गोळा होत असतो, तेव्हा मंत्र्याचा शब्द पोहोचू शकतो. चर्चेत बोलताना सत्ताधारी सदस्यही स्थानिक प्रश्न मांडू शकतात. दुरुस्तीसाठी महाराष्ट्रातल्या विरोधी खासदारांनाही तेच पत्र पाठवता येते.

त्यासाठी वेळ साधली पाहिजे. अभिभाषण साधारणपणे जानेवारीच्या अखेरीस अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी होते आणि चर्चा लगेच काही दिवसांत सुरू होते. त्यामुळे मागच्या वर्षीच्या भाषणातली कोणती आश्वासने पुरी झाली, कोणती राहिली आणि या वर्षी कशाचा उल्लेख हवा, एवढे सांगणारे एका पानाचे पत्र डिसेंबरमध्येच जायला हवे. पत्रात पक्षाची स्तुती नको, निंदाही नको. परिच्छेद, तारीख आणि आपल्या भागातली वस्तुस्थिती, इतके पुरते. असे पत्र सरकार बदलले तरी जुने होत नाही, कारण २००९ आणि २०१५ च्या घरांच्या मुदतींनी दाखवून दिले आहे की, आश्वासन देणारे बदलतात आणि वाट पाहणारे तेच राहतात.

राष्ट्रपतींचे आभार संसद मानते आणि मानावेतही, कारण त्या पदाचा मान सर्व पक्षांहून मोठा आहे. मात्र हिशेब मागण्याचे काम संसदेवर सोपवून नागरिक मोकळा होऊ शकत नाही. पुढच्या अभिभाषणाच्या दिवशी वाहिनी लावण्याआधी मागच्या वर्षीचे भाषण हाती घ्यावे आणि त्यातल्या प्रत्येक ‘करणार’पुढे आपल्या परिसरात दिसलेले उत्तर लिहावे. ते लिहून झाल्यावर दिलेली प्रतिक्रिया, मग ती आभाराची असो वा खेदाची, कोणत्याही सरकारला ऐकावीच लागेल.